दुर्बिणीच्या रिंगा

वैजनाथचा फोन आला तवा माझे हात पिठात होते. "आई, बाबानं मागवलेल्या रिंगा आल्यात, गोरेगावच्या जीपवाल्याजवळ देऊन राहिलो," एवढं बोलून पोरानं फोन ठेवला. पोरगं हिंगोलीत मोबाईलच्या दुकानात कामाला आहे, आईशी दोन शब्द जास्तीचे बोलायला त्याला कधी सवड नसते. मी तशीच पिठाच्या हातानं आरशापुढं गेले अन् कानाच्या पाळ्या चाचपल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं आपणहून माझ्या कानात घालायला काही आणलं नव्हतं, अन् आता म्हातारपणी रिंगा! खोटं कशाला बोलू, त्या दिवशी भाकरी करपली तरी मी कोणावर चिडले न्हाई.

संध्याकाळी डबी उघडली तर आत काळ्या लोखंडाच्या दोन कड्या, अन् त्यांना बारके बारके स्क्रू. मी विचारलं, ह्या काय बैलाच्या नाकात घालायच्या का? मालक हसले सुद्धा न्हाईत. म्हणले, बंदुकीवर दुर्बीण बसवायची असती, ती या रिंगांनी धरायची. मी डबी खाटेवर टाकली अन् आत निघून गेले. कानातल्याचं दुःख एक वेळ गिळलं असतं, पण दुर्बीण काही गळ्याखाली उतरंना. काहून, ते सांगते.

आमच्या घरी लायसनची रायफल आहे, सासऱ्यापासून चालत आलेली. शिवारात रानडुकरं माजली की लोक वनखात्याची परवानगी काढतात अन् डुक्कर मारायला आमच्या मालकाला बोलावतात. "रामकिशनकाकाचा नेम" असं सगळे म्हणतात. मला ते नाव घेता येत न्हाई, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटायचं. वाटायचं म्हणते, कारण मागच्या दसऱ्यापासून तेच नाव मला काट्यासारखं टोचून राहिलं होतं.

मालकाच्या उजव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. मोतीबिंदू असता तर काढून मोकळे झालो असतो. डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर परत येत न्हाई, उरलेली थेंब टाकून राखायची. मधलं थोडं दिसतं, बाजूचं दिसत न्हाई, अन् सांज-सकाळ काळं अन् मातकट एकच होतं. नेम धरायचा डोळा तोच. दवाखान्यातून येताना जीपमधून उतरल्याबरोबर मला म्हणले, "कोणाला बोलशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील." आता अशी शपथ घातल्यावर बाईमाणसानं काय करावं! मी गप्प बसले, पण गप्प बसणं माझ्या रक्तात न्हाई, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे.

ह्यांचं गणित असं की चष्म्यानं जे झालं न्हाई ते दुर्बिणीनं होईल. मी म्हणलं, आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार? पण ऐकतो कोण. नांदेडला बंदुकीच्या दुकानात जाऊन रायफलच्या पाठीवर लोखंडी पट्टी बसवून आणली, संगं दुर्बीण पण आणली. पट्टी बसवताना नेम धरायची मागची खाच दुकानदारानं काढली. म्हणजे मागं फिरायची वाटच बंद केली या माणसानं. आता दुर्बीण बसली तर ती बंदूक, न्हाई तर नुसती काठी.

त्यातच शिवशंकरच्या मक्यात डुकरं घुसली. शिवशंकरचं वावर आमच्या बांधाला बांध. एका रात्रीतून त्यांनी कोपऱ्यातला मका असा लोळवला की जशी काही बैलगाडी फिरवली. त्यानं परवानगी आणली, अन् मारणारा म्हणून कागदावर आमच्या मालकाचं नाव लावलं. दारात येऊन म्हणला, काका, तुमचा हात लागला की मी सुटलो. काका छाती फुगवून व्हय म्हणले. मी चहा देताना कपबशी आपटली, पण ते कोणाच्या ध्यानात आलं न्हाई.

मला डुकराचं काही सोयरसुतक न्हाई. मला झोप लागू देत नव्हती ती शिवशंकरची माय, मंजुळाबाई. म्हातारी दिवस उगवायच्या आधी वावरात जाती, काळपट लुगडं नेसून मक्याच्या कडंला गवत काढीत बसती. लेकानं कितीदा सांगितलं घरी बस म्हणून, ऐकत न्हाई. डुकरं पण त्याच वक्ताला निघतात. अन् त्याच वक्ताला ह्यांना काळं अन् मातकट एक दिसतं.

तर रिंगांचं सांगत होते. पहिल्या रिंगा दुर्बिणीला ढिल्या झाल्या. दुर्बिणीची नळी एका इंचाची, रिंगा तीस मिलीमीटरच्या. वैजनाथ फोनवरून म्हणला, बाबा, मधी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. हिंगोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकायला त्याचं काय जातं! ट्यूब गुंडाळली तर दुर्बीण वाकडी बसली. दुसऱ्या रिंगा बराबर इंचाच्या आल्या, पण ठेंगण्या. गोळी भरायची दांडी वर उचलली की दुर्बिणीच्या बुडाला धडकायची. मालक दिवसभर ओसरीवर बसून दांडी उचलायचे, टक आवाज यायचा, पुन्हा उचलायचे, पुन्हा टक. माझं डोकं उठलं. मी म्हणलं, नाचता येईना अन् अंगण वाकडं! ते म्हणले, तुला यातलं काय कळतं. उंच रिंग घेतली तर गाल टेकत न्हाई, ठेंगणी घेतली तर दांडी अडकती, मधली पाहिजे. पोरीला स्थळ पाहताना एवढी चिकित्सा केली नव्हती या माणसानं.

तिसरी जोडी बराबर निघाली. मधल्या उंचीची, इंचाची, पट्टीवर अशी बसली की नख जाईना. ते लेकरावाणी खूश झाले. अन् मी? त्या खुशीत मी पण पाघळले. आमच्या माहेरची रीत आहे, नवं लोखंड घरात आलं की तेल-कुंकू लावल्याशिवाय ते कामाला लावायचं न्हाई. नांगराचा फाळ असो की विळा, आधी तेल पाजायचं, न्हाई तर लोखंड रुसतं म्हणतात. ते आंघोळीला गेले तवा मी रिंगा ताटात घेतल्या. सुट्ट्याच होत्या. खोबरेल तेलात बोट बुडवून आतून-बाहेरून चोपडल्या, कुंकू लावलं, हात जोडले. देवा नागनाथा, म्हणलं, यांची लाज राख अन् त्या म्हातारीचा जीव राख. दोन्ही एका दमात मागितलं. दोन्ही एकदम कसं मिळावं, हा विचार मी केला न्हाई.

ते आले, कुंकू पाहून मान हालवली, फडक्यानं वरून पुसलं अन् दुर्बीण आवळून टाकली.

दुसऱ्या दिवशी आमी वढ्याला गेलो. तिथं उंच दरड आहे, मागं कोणाचं वावर न्हाई, नेम तपासायचा तो तिथंच. मी रिकामा तेलाचा डबा दरडीखाली ठेवला अन् ह्यांच्या मागं येऊन उभी राहिले. पहिली गोळी डब्याच्या कानाला लागली. ह्यांनी दुर्बिणीची चकती फिरवली. दुसरी डब्याच्या वर मातीत. पुन्हा फिरवली. तिसरी त्याच्याही वर. प्रत्येक बाराला बंदूक खांद्याला धक्का देती अन् दुर्बीण जराशी सरकती, हे मला मागून दिसत होतं. ह्यांना दिसत नव्हतं. ते म्हणले, हात थरथरून राहिला. मी म्हणलं, न्हाई, दुर्बीण सरकून राहिली. त्यांनी स्क्रू आवळले, पुन्हा बार काढला, पुन्हा तेच. मंग ते उठले. कपाळावर घाम होता, अन् तोंड असं झालं होतं की पाहवेना.

येताना शिवशंकरच्या बांधावरून आलो. दिवस वर आला होता, पण मक्यात सावली होती. ते एकाएकी थांबले, मला हातानं खाली बस म्हणले, अन् बंदुकीची दांडी ओढून गोळी भरली. ओठांतल्या ओठांत म्हणले, "डुक्कर." मी त्यांच्या नळीच्या दिशेनं पाहिलं. मक्याच्या कडंला ठिबकच्या काळ्या नळीची गुंडाळी पडली होती. अन् गुंडाळीला लागून, पाठ करून, मंजुळाबाई गवत काढून राहिली होती.

हात धरावा तर बोट खटक्यावर. मंग मी जोरात हाक दिली, "मंजुळाबाई, चहा झाला का वो?"

म्हातारीनं मान वळवली. "कधीच झाला बाई, ये की इकडं," म्हणली अन् पुन्हा गवताला लागली.

मालकाची नळी खाली गेली. गोळी काढून खिशात घातली. घर येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले, मला दिसत होतं म्हणले.

त्या दिवसापासून मला एका जागी बसवंना. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायचे, घासलेली भांडी पुन्हा घासायचे. दुपारी ह्यांचं बंदूक पुसायचं फडकं धुवायला घेतलं तर त्याला वास आला, खोबऱ्याच्या तेलाचा. मी फडकं नाकाला लावूनच खाली बसले. रिंगांच्या आत तेल! विहिरीचा ओला दोर मुठीतून निसटतो तशी दुर्बीण तेलातून निसटून राहिली होती. हातही न्हाई अन् नशीबही न्हाई, माझी पूजा नडली होती.

आधी हसू आलं. मंग वाटलं, देव पावला! दुर्बीण टिकायची न्हाई, बार व्हायचा न्हाई, म्हातारी वाचली. पण ओसरीवर पाहिलं तर ते खाटेवर बसलेले, दोन्ही हात पुढं धरून बोटांकडं पाहून राहिलेले. ताट तसंच झाकलेलं. मला म्हणले, डोळा गेला त्याचं एवढं वाटलं न्हाई, जनका, पण हातही गेला. माझ्या काळजाला घरं पडली. एका शब्दात त्या माणसाचा जीव हलका करता आला असता. तेल पुसा, हात ठीक आहे तुमचा, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणलं असतं तर दुर्बीण पक्की बसली असती, अन् मक्याच्या कडंला मंजुळाबाई रोज बसती. शिवशंकरला डोळ्याचं सांगावं तर शपथ आडवी. वैजनाथला सांगावं तर तो दुकानात दहा जणांपुढं बोलणार. त्या रात्री मी कूस बदलून बदलून वाकळंचे टाके उसवले.

तिसऱ्या दिवशी सकाळीच शिवशंकरचा निरोप आला. डुकरं पुन्हा येऊन गेली, अर्धा मका आडवा, काकाला आणायला गाडी घेऊन येतो, आज वढ्यात घेरू. मालक उठले. शेवटचं एकदा आवळून पाहतो म्हणले. स्क्रू फिरवायची चावी घेतली, दुर्बीण काढली, पट्टी पुसली, रिंगा वरून पुसल्या, अन् आतूनही पुसू लागले. फडकं आत फिरलं तसं माझ्या जिवाचं पाणी झालं. बराबर पुसलं ह्यांनी. दुर्बीण बसवली, आवळली, हलवून पाहिली, हलंना. त्यांच्या तोंडावर किती दिवसांनी उजेड आला. मी आंघोळ करून येतो, म्हणले, असं मळकं अंग घेऊन शिकारीला जायचं नसतं.

न्हाणीत पाण्याचा आवाज सुरू झाला अन् मी तेलाची बाटली घेतली. आता मला ठाऊक होतं मी काय करून राहिले. चावीनं एकेक स्क्रू ढिला केला, दिव्याची वात तेलात भिजवली अन् रिंगेच्या फटीतून आत सारू लागले. फट बारकी, तेल वरूनच ओघळून राहिलं होतं. मनात म्हणत होते, नागनाथा, हे पाप असंल तर माझ्या डोक्यावर टाक. इतक्यात पाण्याचा आवाज थांबलेला माझ्या ध्यानात आला.

ते दारात उभे होते, खांद्यावर टावेल घेऊन. किती वेळचे उभे होते देव जाणे. माझ्या हातात वात होती अन् बोटांवरून तेल कोपरापर्यंत आलं होतं. मी लपवलं न्हाई. लपवून कुठं लपवणार?

ते आले, माझ्यासमोर बसले, बंदूक मांडीवर घेतली. रिंगेला बोट लावून नाकाशी नेलं. मला वाटलं आता हात उठतो. आजपर्यंत कधी उठला नव्हता, पण आज उठला असता तर मी काही म्हणले नसते.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या पूजेपासून. तवा ठाऊक नव्हतं. आज ठाऊक असून लावून राहिले."

"म्हणजे वढ्यावर हात थरथरला न्हाई माझा."

"न्हाई. हात बराबर आहे तुमचा," मी म्हणलं, अन् मला रडू फुटलं. "हात बराबर आहे, म्हणून तर भ्या वाटतं."

ते आपल्या हाताकडं पाहून राहिले. आज पाहणं वेगळं होतं, हरवलेली वस्तू सापडल्यावर पाहतात तसं. मंग बाहेर पाहिलं. उजव्या डोळ्याच्या बाजूला मी बसले होते, तिथून त्यांना मी दिसत नसणार. तरी तोंड न वळवता त्यांनी विचारलं, "मंजुळाबाई त्या गुंडाळीपासून किती लांब होती?"

मी खोटं बोलू शकले असते. "हात पुरंल एवढी," मी म्हणलं.

बाहेर शिवशंकरच्या गाडीचा हॉर्न वाजला. एकदा वाजला, मंग पुन्हा वाजला. काका, चला, अशी हाक आली. ते उठतील, तेल पुसतील, दुर्बीण आवळतील अन् निघतील, असं मला वाटलं. त्यांनी चावी उचलली. रिंगांचे स्क्रू सगळे काढले, वरच्या कड्या उचलून ताटात ठेवल्या, दुर्बीण बाजूला केली अन् तेलाची बाटली माझ्याकडं सरकवली.

"आतून लाव," ते म्हणले. "वरून लावलेलं दिसतं."

मी आतून लावलं. ह्यांनी दुर्बीण परत ठेवली, कड्या बसवल्या, वरून फडक्यानं चकचकीत पुसलं, अन् बंदूक घेऊन ओसरीवर गेले. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. शिवशंकरला ते म्हणले, हे पाहा, अन् अंगठ्यानं दुर्बीण मागं सारली. ती सर्रकन गेली. रिंगा धरत न्हाईत म्हणले, तीन जोड्या मागवल्या, एकही खरी निघाली न्हाई. शिवशंकर म्हणला, मंग बिनादुर्बिणीची मारा की काका, आधी मारतच होता. तर म्हणले, मागची खाच काढली बाबा, पट्टी बसवताना. तांड्यावरच्या किसनसिंगजवळ लायसनची बंदूक आहे, कागदावर त्याचं नाव चढवून घे. अन् आधी तुझ्या मायला वावरातून घरी आण, बार व्हायचा तिथं माणूस नको, एवढं मात्र माझं ऐक.

शिवशंकर हळहळला. आजकालच्या मालात दम न्हाई, काका, नवीन चांगल्या रिंगा मागवा, पुढच्या येळेला तुमीच मारायचं. व्हय व्हय, मागवू की, ते म्हणले. आवाजात कुठंच काही हललं न्हाई. तसा आवाज मी किती दिवसांनी ऐकला.

मी चहा घेऊन बाहेर आले. शिवशंकरनं कप घेताना नाक वर केलं अन् विचारलं, काकू, हा खोबऱ्याच्या तेलाचा वास कुठून येऊन राहिला?

"तुझ्या काकूनं सकाळी माझ्या डोक्याला तेल लावलं," मालक म्हणले, अन् तेलकट हातानं बशी तोंडाला लावली.